चंद्रकला निखारेंचा उजवा हात

पाय कोरडे असले की वीज जात नाही,
म्हणून आधी ओल्या फडक्यानं टाचा पुसायच्या.
मे महिन्यात सक्करदऱ्याला
फडकं नळापासून मशीनपर्यंत येईतो वाळतं.
मी दोनदा भिजवते.

चंद्रकला निखारे, तांडापेठ,
वय त्रेपन्न, वजन शेहेचाळीस.
"मले काहून बोलावलं जी?
मी तं काडी आहे. जाड्या बायांले तपासा."
चपला त्यांनी भिंतीशी सरळ लावल्या,
देवळात लावाव्या तशा.

इतका बारीक प्रवाह, की मुंगीही दचकू नये.
स्नायूत पाणी असतं, तिथून धावतो.
चरबीपाशी थबकतो,
आणि त्या अडखळण्यावरून मशीन ठरवतं
आत कोण किती राहतं ते.
कूलर घरघरत होता. त्या डोळे मिटून उभ्या,
मुठी हँडलवर घट्ट,
कुणीतरी ओढून नेईल अशा.

चरबी एकोणचाळीस टक्के.
काडीच्या आत.
स्नायू फार कमी, वयाआधीच उठून गेलेले.
शेजारणी म्हणत असतील, नशीब काढलंस बाई,
काही अंगी लागत नाही.
लागत होतं. दिसत नव्हतं.

मग मॅडमच्या अभ्यासाचे नऊ प्रश्न.
गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं नाही, असं?
"नाही."
उदास वाटलं?
"नाही."
थकवा?
"थकवा तं सगळ्यायलेच राह्यते."
मी खुणा करत गेले, नाही, नाही, नाही,
आणि त्यांचा अंगठा पदराच्या काठावर
एकेक धागा मोजत होता.

मॅडम म्हणतात, चरबी वाढून स्नायू झिजले
की मन खचण्याचा धोका वाढलेला दिसतो.
की मन आधी खचतं,
मग माणूस जेवण सोडून चहा-टोस्टवर दिवस काढतो,
हलत नाही, आणि झिजतो?
वर्षभर त्या दोन्ही टोकं धरून बसल्यात.
मी जमेल तसं सांगितलं.
चंद्रकलाबाई पहिल्यांदा हसल्या.
"ताणा आधी का बाणा,
कापड झाल्यावर कोण विचारते?"

तेव्हा मी कागद पुन्हा पाहिला.
उजवा हात, डाव्यापेक्षा एकशे नव्वद ग्रॅम जास्त.
"माग चालवायच्या तुम्ही?"
हात त्यांनी पदराखाली ओढला, चोरी सापडल्यासारखा.
"इकला. अकरा वर्सं झाली. भंगारात, किलोनं."
आणि न सांगता खुर्चीवर बसल्या.

"पाणी लिवलं, हाडं लिवली तुमच्या मशीननं.
झोप कुठं आहे ह्या कागदात?
रात्री तीनले उठून मी भिताडाले हात लावते.
माग होता तिथं.
थे कोणत्या खान्यात?"

त्याचा खाना नव्हता.
मी कागद उलटा ठेवला, पेन खाली ठेवलं
आणि नऊच्या नऊ प्रश्न पुन्हा विचारले,
हळू, जेवलात का विचारावं तसे.
उत्तरं वेगळी आली.

हा कागद उन्हात काळा पडतो,
तांडापेठेत पोचेपर्यंत टक्के पुसट होतील.
म्हणून मागच्या बाजूला बॉलपेननं, दाबून:
खोली नंबर नऊ, डॉक्टर वासनिक, बुधवार, अकरा.
"बुधवारी तं बाजार राह्यते जी."
"बाजार करून या."

बुधवारी साडेबारा वाजले.
मी तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आले होते.
त्या आल्या, घामानं निथळत,
नऊ नंबरच्या आधी माझ्याकडे,
आणि सरळ मशीनवर चढल्या,
चपलेसकट, कांदे-कैऱ्यांच्या पिशवीसकट.
मशीन म्हणालं: चूक. पुन्हा प्रयत्न करा.
"वाढली का जी मी?"
पिशवी त्यांनी उजव्या हातात धरली होती.
मी उतरा म्हटलं नाही.