निगेटिव्हवरची पेन्सिल

जांभळ्या पेनानं डॉक्टर काझी माझ्या गालावर रेघ ओढतात,
कानासमोरून खाली, पाळीला वळसा, मागं केसांत,
आणि मला हसू फुटतं.
हलू नका, वट्टमवार मॅडम.

एकतीस वर्षं हेच म्हणत आले मी
परभणीत, स्टेशन रोडच्या माडीवर,
रंगवलेल्या धबधब्याच्या पडद्यासमोर:
हलू नका. हनुवटी खाली. थुंकी गिळा.
रात्री काचेखाली दिवा लावायचा,
पेन्सिल सुईसारखी टोकदार करायची.
निगेटिव्हवर सुरकुती उजळ असते,
तिच्यात शिसं भरत गेलं, ठिपका ठिपका,
की कागदावर ती उरत नाही.
अशा किती बायका मी नीट करून दिल्या,
बहुतेक हारासाठी.

डॉक्टर समजावतात, कामं दोन आहेत.
आत जे ओघळलंय ते सुरीनं उचलायचं,
कातडी वर नुसती अंथरायची, ओढायची नाही,
ओढली की माणूस कायम वाऱ्यात उभा दिसतो.
मग चार महिने गप बसायचं.
मग मशीन. कातडीखाली ऊब, टाके नाहीत,
पोत जरा आवळतो. जराच.
एकटं मशीन एवढं ओझं उचलत नाही,
एकट्या सुरीनं पोत बदलत नाही.
आणि दोन्ही मिळून, मी विचारलं, वय?
ते बाहेर बसतं, त्या म्हणाल्या,
पिशवी मांडीवर घेऊन.

वसमत रोडचा प्लॉट विकला तेव्हा जाऊबाई म्हणाल्या,
कामून गं? कोणाला दाखवायचंय आता?
बनी तो बनी, नहीं तो परभणी,
मी म्हटलं, आणि बॅगेची चेन लावली.
पण मानवत रोड गेलं, सेलू गेलं, परतूर गेलं,
जालन्याला चहा घेतला,
खरं उत्तर काही सापडेना.

भुलीची सुई टोचताना आठवला
गंगाखेडचा एक पोरगा.
आईचा एकच फोटो, कपाळावर विळ्याची खूण.
मी ती मन लावून बुजवली होती.
त्यानं फ्रेम दोन्ही हातांनी धरली,
बराच वेळ बघितलं,
म्हणाला, बाई चांगली आहे. पण कोणाची?
त्या रात्री ब्लेडनं शिसं खरवडत बसले,
खूण परत येईपर्यंत.

डॉक्टर, मी म्हणाले, जीभ जड व्हायच्या आत,
ओठाच्या डाव्या कोपऱ्यातली घडी राहू द्या.
गिऱ्हाइकाला हसवता हसवता
मीच पाडलीय ती.

अकरा दिवस तोंड भोपळ्यासारखं.
कानामागं बधिर, अजूनही थोडं;
कंगवा फिरतो तो दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावरून.
ऑक्टोबरात मशीन: जबड्याच्या हाडाशी
टिक, टिक, गरम टाचण्या,
आणि खुर्चीचा हात धरलेले माझे हात,
डेव्हलपरनं नखं पिवळी पडलेले,
शिरांचे, जुने. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
ह्यांच्या पेन्शनसाठी दरसाल
मी जिवंत आहे असं मोबाईलला सांगावं लागतं.
पुतण्या विश्वंभरनं फोन समोर धरला.
चेहरा जुळत नाही.
खिडकीकडं तोंड केलं. चेहरा जुळत नाही.
काकू, हलू नका.
मी हलले नाही. एवढं एक मला येतं.
डोळे मिचकवा, असं पडद्यावर आलं.
मिचकवले.
गोल हिरवा झाला.

विश्वंभर गेला. जाऊबाई भिंतीला टेकून बसलेल्या,
मघापासून माझ्या जबड्याकडं बघत.
चहाची बशी खाली ठेवली, दाराकडं नजर टाकली,
आवाज अगदी बारीक केला:
ते सुरीचं नको बाई.
पण नुसतं मशीनवालं
कितीला पडतं?