जांभळ्याची जोडी

सातपूरच्या कंपनीत सव्वीस वर्षं
सकाळी हात पुढे केला की खुंटीवर राखाडी असायचं.
खिशावर माझं आडनाव, लाल दोऱ्यात.
आरशाशी कधी बोलायची वेळच आली नाही.

आता गंगापूर रोडला, दातांच्या दवाखान्यात
नावं लिहून घेतो, पावत्या फाडतो.
पहिल्या दिवशी डॉक्टर मॅडम एवढंच म्हणाल्या,
"कपडे तुमचे तुम्ही घाला."
घरी येऊन पलंगावर बसून राहिलो.
माझे म्हणजे कोणते?

चार शर्ट घेतले, दोन पँटी. जास्त नकोच म्हटलं.
पांढरा, आकाशी, बारीक चौकटींचा, मेंदी.
काळी, चॉकलेटी.
भद्रकालीतल्या निसारभाईने कमरेचं माप घेता घेता विचारलं,
"कशावर काय घालणार?"
इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं,
लग्नातसुद्धा.

आठ जोड्या होतात. दवाखाना सहा दिवस.
म्हणजे सोमवारची जोडी सोमवारी परत यायला
चार आठवडे.
रविवारी रात्री, इस्त्री तापेपर्यंत,
कॅलेंडरवर पेन्सिलीने मांडतो:
मे-चॉ, पां-का, आ-का.
हेमलता कितीतरी दिवस समजत होती
दुधाचा हिशेब आहे.

मांडतो आणि मोडतोही.
रूट कॅनालवाले जास्त असले तर मेंदीवर चॉकलेटी,
घाबरून आलेल्या माणसाला
समोर जरा मातीसारखं काही दिसावं.
थकलेली बिलं मागायची असली तर पांढऱ्यावर काळी.
आकाशीवर चॉकलेटी जमत नाही हे माझं ठाम मत होतं.
डिसेंबरात, गोदेवर धुकं असताना,
एका मंगळवारी जमलं.
का, ते सांगता येणार नाही.

मग केतकीने पुण्याहून जांभळा पाठवला.
"बाबा, काहीतरी वेगळं."
काळीवर घातला, बँडवाला दिसलो.
चॉकलेटीवर, भरलं वांगं.
तीन महिने हँगरवर नुसता,
पाहुण्यासारखा अवघडून.

परवा ट्रंकेत बूट शोधताना
कंपनीची पँट हाताला लागली.
गुडघ्यावर ऑइलचा रुपयाएवढा डाग.
सहज जांभळ्याखाली धरली
आणि तशीच धरून उभा राहिलो.
हेमलता दारातून म्हणाली, "अगंबाई."

निसारभाईने कमरेत दोन बोटं सोडून दिली.
डाग तेवढा राहिला.

आज एबीबी सर्कलला सिग्नलवर
शेजारी स्कूटर थांबली. अहिरे, जुन्या शिफ्टचा.
आधी शर्टाकडे बघून हसला, मग नजर खाली गेली.
"कंपनीची ना रे ही?"
"होती," म्हटलं.
"आज मी घातलीय."
तो काहीतरी बोलला, मागून हॉर्न सुरू झाले,
ऐकू आलं नाही.

उद्या चौकटी.
कॉलरचं बटण लावायचं राहिलंय.