उन्हातला तांबडा

मिंदेलोच्या मासळीबाजारामागे, बंदराच्या कठड्यापाशी
झुल्मीरा दुपारी साडेबाराला वाजवायला उभी राहते.
हीच वेळ का, असं मी विचारलं नाही.
बोटीवरचे पाहुणे याच वेळी उतरतात.

मला बोलावलं, कारण मी रेडिओ उघडतो,
मोबाइल उघडतो, एकदा पाद्रीबाबांचं
श्रवणयंत्रही उघडलं होतं
आणि परत बंद करता आलं होतं.

"अदेरितो, पेडल मेलं."

उकिडवा बसलो. बोट टेकवलं, लगेच उचललं.
काळ्या पत्र्यावर अंडं शिजलं असतं.
आधी स्पीकरची पिन काढून ठेवली, उगाच किंचाळायला नको.

तिने समजावलं: मसुरीच्या दाण्याएवढा एक दिवा आहे.
तांबडा, म्हणजे ऐकून ठेवतंय.
हिरवा, म्हणजे ऐकलेलं परत सांगतंय.
पिवळा, म्हणजे सांगता सांगता
वरून आणखी ऐकतंय.
मी पाहिलं तर तिन्ही एकच,
काचेचा मळकट थेंब.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात.
इथे दिव्यावर इतकं ऊन
की दिवाच हरवला.

वायर हलवली. ठीक.
पॉवर बँक तापली की आपली आपण झोपते,
तिच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरांत तसं लिहिलंय.
तिला पिशवीत बांधून बर्फाच्या पेटीला
टेकवली. आत नाही, नुसती टेकवली.
पत्र्याखाली पुठ्ठा सरकवला.
दोऱ्याच्या रिळाची नळी कापून
दिव्याभोवती चिकटवली;
डिंक उन्हात पाघळला, नळी कलली.
सरळ केली तर खरंच, विहिरीच्या तळाशी
रंगासारखं काहीतरी.
"पण मला मान वाकवावी लागते," झुल्मीरा म्हणाली,
"आणि मान वाकली की आवाज घशात अडकतो."

मी एक शिवी दिली. वाऱ्याला, बहुतेक.

तेवढ्यात डोक्यावर घमेलं घेऊन
एर्मेलिंदा आली, काय चाललंय बघायला.
टूना ताजा, टूना ताजा, असं ओरडतच आली
आणि आमच्या डोक्याशी थांबली.
घमेल्याची गोल सावली
बरोबर पेडलवर पडली.

पिवळा.

मी झुल्मीराकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.
स्पीकरची पिन लावली.

चार मात्रा काव्हाकीन्यूच्या, स्वच्छ.
त्यांच्यावर वायरीची खरखर,
त्यावर पुठ्ठा, त्यावर कात्री,
पुन्हा तेच, त्यावर माझी शिवी,
पुन्हा तेच, शिवीवर टूना ताजा.
अकरा मिनिटं यंत्र जिवंत होतं
आणि प्राण कानांत आणून ऐकत होतं.
आम्हीच त्याला मेलेलं समजून
त्याच्यासमोर काय वाटेल ते बोललो.

पाहुण्यांपैकी दोघं ताल धरायला लागले.

झुल्मीराने बटण दाबून धरलं, दोन सेकंद. सगळं पुसलं.
"माझा आवाज होता त्यात," एर्मेलिंदा म्हणाली.
"तुमचा होता म्हणूनच सूर बिघडला."
"मग सावलीही नेते."
घमेलं दोन पावलं सरकलं
आणि दिवा परत काच झाला.

सौदा वीस एस्कुदोंवर ठरला, रोजचे.
एक वाजता सावली सरकते, तेव्हा
अर्धं पाऊल डावीकडे, तेवढ्यातच.
गाणं चालू असताना ओरडायचं नाही.
मासे तरीही विकले जातात;
उलट जास्तच, असं जाइर सांगतो,
पण जाइर तिचा नातू.

बुधवारी वाळवंटाकडून धूळ आली.
मोंत कारा डोंगराचं नाक दिसेना,
सूर्य झिजलेल्या नाण्यासारखा फिका.
पेडलचा तांबडा दिवा मला
रस्त्याच्या पलीकडून दिसला,
डोळ्यात खुपेल इतका.

एर्मेलिंदा आलीच. त्याच फरशीवर उभी राहिली.
एक वाजता अर्धं पाऊल डावीकडे सरकली.
शेवटी हात पुढे केला.
झुल्मीराने वीस मोजून दिले.
मी कठड्यावर बसून पाहत होतो,
मला अजून पेडलचे मिळालेले नाहीत.