नादारी अर्ज सतरा

गडहिंग्लजच्या कोर्टात नकलांची खिडकी
अकराला उघडते म्हणतात, पावणेबाराला उघडली.
तिकीट चिकटवलेला अर्ज मी आत सरकवला.
"कसला दावा?"
"नादारी. सन त्र्याहत्तर."
हत्तरकी क्लार्कनी चष्मा कपाळावर नेला.
"व्हय? आता मोठमोठी दिवाळी निघत्यात ती सगळी मुंबईला.
हितं कोण बघतंय, आक्का."
मग माझ्याकडं बघून, जरा हळू :
"वारस काय?"
हो म्हणताना जीभ अडखळली.
कशाची वारस, तेच बघायला आले होते.

"तसं कुणीबी बघू शकतंय. उघडा कागद हाय.
बावन्न वर्सांत तुम्ही पयल्याच."

बाजारपेठेत म्हणायचे, तोडकरानं हात वर केले.
मी नऊ वर्षांची. मला ते खरंच दिसायचं :
सोड्याच्या कारखान्यासमोर बाबा उभे,
दोन्ही हात वर,
आणि समोर बंदूक कुणाच्याच हातात नाही.

शिपायानं रुमाल आणला, क्रमांक एकशे बारा.
लाल म्हणे. मला तो गुळमट चहासारखा दिसला.
गाठ सुटेना, त्यानं दात लावले.
धूळ उडाली, तिघंही शिंकलो,
आणि हत्तरकी म्हणाले, "खरंय."

स्थावर : निरंक.
जंगम : गोळीच्या बाटल्या दोनशे बारा,
पैकी अकरा तडकलेल्या.
गॅसची नळकांडी दोन, एक परत करण्याच्या अटीवर.
सायकल, मागं लाकडी खोका बसवलेली.
लिंबाचा अर्क, अर्धी बाटली.
जप्तीतून वगळले : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी,
गोळी आत ढकलायचं लाकडी बोंडकं.
ते बोंडकं मी ओळखते. पुढं कितीतरी वर्षं
आई त्यानं लसूण ठेचायची.

मग धनकोंची यादी. बाबांचंच अक्षर,
ळ ची गाठ पोटात घट्ट ओढलेली.
बर्फवाला. संकेश्वरचा गॅसवाला. पतपेढी.
साखर उधार देणारा मगदूम, रुपये तीनशे सहा.
मामा, ज्यानं आमच्याकडं जेवणं सोडलं होतं.
आणि शेवटी, अनुक्रमांक नऊ :
कु. नीलव्वा शिवलिंग तोडकर, रा. सदर.
मातीच्या गल्ल्यातून घेतले
रुपये अकरा, पैसे चाळीस.
पुरावा : नाही.

शाळेत मी नीला झाले, सासरी नीलिमा.
नीलव्वा म्हणणारं आता कुणी उरलं नाही,
या कागदाखेरीज.

गल्ला फुटला ती नागपंचमीच्या आधीची दुपार.
मी परसूला धरलं. तो नाही नाही म्हणत होता.
मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त येईस्तोवर.
बाबा उंबऱ्यात बसून बाटल्या विसळत होते.
वर बघितलं नाही त्यांनी.
घरात बोलता आलं नाही ते
कोर्टात शपथेवर लिहून दिलं माणसानं.

शेवटच्या पानावर वाटप. रुपयाला तेरा पैसे.
सगळ्यांच्या सह्या, मगदूमचा अंगठा,
मामाची सही तर केवढी लफ्फेदार.
नऊला : देय एक रुपया अठ्ठेचाळीस.
पोच : कोरी.

"हे मिळेल का अजून?" मी विचारलं.
हत्तरकी हसले, मग हसायचं थांबले,
पान स्वतःकडं फिरवून दोनदा वाचलं.
"मुदत गेली, आक्का."
"बरं. नक्कल द्या."
"सगळ्या फायलीची?"
"नाही. ऋणकोची पानं राहू द्या.
धनकोंचं एक पान द्या."

आठ दिवसांनी या म्हणाले.
बाहेर पायरीवर बसून परसूला फोन लावला.
त्याला त्या मनगटावर घड्याळ बांधायची सवय आहे,
वण झाकला जातो.
रिंग जातेय.
काय म्हणून सुरुवात करायची, ठरलेलं नाही.