तीस किलोचा रवा

मे महिना, दुपारचे दोन, नेज गावचा माळ.
सावलीत अडतीस, हवा पाणी घातलेल्या ताकासारखी.
भूपालमामा खांद्यावर गुळाचा रवा घेऊन आले,
तीस किलोचा, गोणपाटात शिवलेला.
"पोरीबरोबर एवढं तरी जाऊ दे की ओ."
मी म्हटलं, नाही जायचं.
"एवढं मोठं विमान, आन् ताकद एवढीच व्हय?"

कसं सांगू त्यांना
की उडण्यापेक्षा हवेत उभं राहणं जड असतं.
तालमीत बघितलंय ना, मामा,
दोघं एकमेकांत अडकून हलत नाहीत,
लोक ओरडतात, लावा कुस्ती,
आणि घाम तेव्हाच सगळ्यात जास्त मातीत जातो.

रवा खाली राहिला. सुनेत्रा वर आली,
शेजारी नवरा, मांडीवर फेटा.
चार फुटांवर तरंगलो. काटा लाल रेघेला टेकला.
धूळ, अक्षता, पत्रावळी
उठून परत आमच्याच पात्यांत;
आपण ढकललेली हवा आपणच गिळत होतो.
खाली तिची आई हात हलवत होती.
हलवतच होती.
मी नाक किंचित झुकवलं.

आधी थोडं खचलो. मग उसाच्या शेंड्यांवरून,
मोटारसायकलच्या वेगानं,
आणि चाळिसाच्या आसपास
सगळं अंग थरथरलं, घाटात गिअर पडावा तसं.
सुनेत्रानं सीटची कड धरली. "काय झालं?"
"काही नाही. ताजी हवा लागली."
काटा उतरला. ऊस एकदम खाली गेला.

शंभराच्या थोडं पुढं हे यंत्र सगळ्यात स्वस्तात उडतं.
नवरा म्हणाला, अजून पळवा की.
पळवता येतं. पण मग हवाच आडवी येते,
मागं फिरणाऱ्या पात्याला वारा पुरत नाही,
एक बाजू दमते,
आणि दमलेली बाजू फार आधी सांगत नाही.
मी एकशे दहावर ठेवलं.

उजवीकडं जोतिबाचा डोंगर, धुरकट.
खाली पंचगंगा, वीटभट्ट्या.
सुनेत्रा रडली नाही. काट्याकडं बघत राहिली,
दुधावर लक्ष ठेवावं तशी.

कसबा बावड्याच्या मैदानाशी वेग काढला,
काटा चढू लागला, अंग पुन्हा थरथरलं.
"आलं परत," ती म्हणाली.
"थांबायचंय ना," मी म्हटलं.
खाली सासरची माणसं फेटे धरून उभी.

संध्याकाळी उजळाईवाडीत, हँगरमध्ये,
तिच्या सीटच्या कडेला मुंग्या लागल्या होत्या.