मिटलेले डोळे

सोम्योनच्या ज्या रस्त्यात
प्रत्येक पाटीवर एकेक डोळा उघडा आहे,
तिथं अकराव्या मजल्यावर
मी सल्लागार म्हणून बसते.
सल्ला आता यंत्र देतं. मी खुर्ची पुढे ओढते,
केस मागे घ्यायला पिना देते.

प्यो रान-ही, वय चौपन्न,
चागाल्चीच्या बाजारात ईल सोलणारी.
हात तीनदा धुऊन आली होती, तरी समुद्र
तिच्या आधी खोलीत शिरला.
"हनुवटी खाली," यंत्र म्हणालं.
तिची हनुवटी वरच असते. पापण्या इतक्या उतरल्यात
की समोरचं गिऱ्हाईक बघायचं तर मान मागे टाकावी लागते.
वीस वर्षं बाजार तिला शिष्ट म्हणतोय,
नाक वर करून चालणारी.
"नाक कुठलं," ती म्हणाली, "मी नुसती बघत होते."

हनुवटी खाली केली तेव्हा
तिला फक्त स्वतःचे गुडघे दिसले असणार.

"पापणी लववू नका."
डोळ्यांत तेल घालून बसलेलं हे यंत्र,
त्याची कधी लवतच नाही.
चारशे ठिपके तिच्या चेहऱ्यावर तिळासारखे सांडले.
पापणीच्या कडेपासून बाहुलीच्या मध्यापर्यंत
उजवीकडे दीड मिलिमीटर. डावीकडे त्याहून कमी.
मग पडद्यावर चार रान-ही,
चौघी जाग्या, चौघी तिच्याहून कमी थकलेल्या,
दुसरीभोवती हिरवी चौकट.
समाधानाची शक्यता ब्याण्णव टक्के.

इथं मी म्हणते, मीही दुसरीच निवडली असती.
वाक्य पाठ आहे. खोटंही नाही;
दुसरी खरंच बरी दिसत होती,
आणि हिला बाजार पुरता दिसला असता,
वर टांगलेल्या भावाच्या पाट्यांसकट.

"ह्यातली एखादी डोळे मिटून दाखव."

यंत्राला म्हणाली. मला नाही.

*डोळे ओळखता आले नाहीत. कृपया उघडे ठेवा.*

"आईच्या पापण्या मी मिटल्या, ह्या हातानं.
दोनदा परत उघडल्या.
शेवटी बसल्या तेव्हा गुळगुळीत होत्या,
शिंपल्याच्या आतल्या अंगासारख्या.
माझ्याही मुलाला मिटाव्या लागतील कधीतरी.
त्याच्या बोटाला काय लागेल, ते विचार ह्याला."

विचारायला रकाना नव्हता.

माझे डोळे सोळा वर्षांपूर्वीचे.
तेव्हा डॉक्टर एक वाकवलेली तार पापणीवर टेकवून
नुसत्या अंदाजानं जांभळी रेघ ओढायचे.
रेघेच्या जागी आता काय आहे
ते मी आरशात एकेक डोळा मिटून पाहिलंय,
दोन्ही मिळून कधीच नाही.

मी पडदा भिंतीकडे वळवला,
खुर्ची तिच्याजवळ नेली
आणि मिटले.

थंड बोट. आधी डावीवर, मग उजवीवर,
शिवणीवरून सावकाश,
चिरण्याआधी ईलचा कणा चाचपावा तसं.
बाहेर कुणीतरी पुढचा नंबर पुकारला.
ती काही बोलली नाही. मान हलवली असेल,
हो म्हणून, किंवा नको म्हणून,
मला कसं दिसणार.