पंचवीस रुपयांत बारा बँड

मेनरोडला छाजेडांच्या दुकानात
काउंटरवरच्या टोपलीत, कोऱ्या कॅसेटींच्या शेजारी
ती पडलेली असायची :
बारा बँड, बारा गाणी, रुपये पंचवीस.
एका बँडची अख्खी कॅसेट साठाच्या पुढे.

वडील प्रेसमध्ये. दिवसभर शंभराच्या नोटा तपासायचे,
घरी येऊन पंचवीस दिले
ते दोनदा मोजून.

कव्हरवर मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं,
आवडल्यास पूर्ण अल्बम मागा.
मागितला.
छाजेड म्हणाले, ते नाशकात येत नाही रे,
कंपनीचा माणूस एवढीच टाकून जातो.

मंडईत द्राक्षवाला एक मणी हातावर ठेवतो,
चाखा, मग पेटी न्या.
आम्ही मणीच चाखत राहिलो तीन वर्षं,
मी आणि इक्बाल कोकणी, त्याच्या गच्चीवर,
टेप गुंतली की पेन्सिलीने गुंडाळत,
गाणारा काय ओरडतोय ते वहीत
देवनागरीत उतरवत. बरंचसं चुकीचं.

सहावं गाणं मध्येच विरायचं.
जागा पुरावी म्हणून कापलेलं असणार.
आम्हाला वाटायचं, गिटारवाला वाजवत वाजवत
गंगा ओलांडून पंचवटीत निघून गेला.

परवा फोनवर ते अख्खं सापडलं.
विरायचं तिथून पुढे आणखी चार मिनिटं.
चांगली होती.
मग त्याच बँडचं पुढचं गाणं लागलं
आणि मी दचकलो.
इथे खट् व्हायला हवं,
इक्बालने कॅसेट उलटायला हवी,
आणि भलत्याच कुणाचा ड्रम.